घायपात आणि पीएलएची प्लेट: प्रेस तापवण्याआधीची कामं

कॉलेजचा प्रोजेक्ट असो की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या शेडमधला नवा प्रयोग, नैसर्गिक तंतूंच्या विघटनशील प्लेटबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. प्लेट वाकडी झाली, बुडबुडे राहिले, हातात घेताच बिस्किटासारखी मोडली. मग प्रेसचं तापमान वाढवलं जातं, दाब वाढवला जातो आणि पुढची प्लेट आणखी बिघडते. खरं तर बिघाड बहुतेक वेळा प्रेस सुरू होण्याआधीच झालेला असतो: तंतू नीट धुतलेला नसतो, नीट वाळलेला नसतो किंवा वाळवून परत हवेत ठेवलेला असतो. म्हणून या लेखात प्रेसपेक्षा तयारीवर जास्त जागा खर्च केली आहे.

इथे २०० × २०० मिमी आकाराची, ३ मिमी जाड प्लेट धरली आहे. वजनाने ३० टक्के घायपाताचा तंतू आणि ७० टक्के पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिड, वनस्पतींच्या स्टार्च-साखरेपासून बनणारं प्लास्टिक. पहिल्यांदा करताना याच मापाने करा. मोठ्या प्लेटला एकूण दाब जास्त लागतो आणि वर्कशॉपमधला २० टनी जॅक-प्रेस तिथे अपुरा पडतो.

आधी दोन गैरसमज

पहिला रेझिनचा. तंतू झाडाचा असला म्हणून वस्तू विघटनशील होत नाही. इपॉक्सी किंवा पॉलिएस्टर रेझिनमध्ये घायपात घातला, तर तंतू कुजेल न कुजेल, रेझिन तसंच राहणार. विघटन व्हायचं असेल तर तंतूला धरून ठेवणारा पदार्थही विघटनशील हवा: पीएलए, स्टार्च किंवा तत्सम.

दुसरा चोथ्याचा. कोल्हापुरात कुणालाही पहिल्यांदा उसाचा चोथाच सुचतो, कारण तो डोळ्यांसमोर ढिगाने पडलेला असतो. पण कारखान्यातून आलेल्या ताज्या चोथ्यात निम्मं पाणीच असतं, शिवाय उरलेली साखर आणि भुसभुशीत गर. गुऱ्हाळावरची चिपाडंही याच जातीची. त्यातले धागे आखूड असतात. ते प्लेटचा खर्च कमी करतील, ताकद फारशी वाढवणार नाहीत. ताकद हवी असेल तर लांब तंतू घ्या: घायपात, अंबाडी, ताग किंवा केळीच्या खुंटाचा तंतू. घायपात जाड आणि ताठ असल्यामुळे हाताळायला सोपा, म्हणून शिकायला तोच बरा.

१. साहित्य आणि हिशोब

वजनं आधी कागदावर काढा. "अंदाजे मूठभर" इथे चालत नाही.

साच्याचं घनफळ २० × २० × ०.३ सेंमी, म्हणजे १२० घन सेंमी. पीएलएची घनता १.२४ आणि घायपाताची सुमारे १.४५ धरली, तर ३०:७० मिश्रणाची घनता १.२९६ येते. १२० घन सेंमीचं वजन सुमारे १५६ ग्रॅम. त्यात पूर्ण कोरडा तंतू ४७ ग्रॅम, पीएलए १०९ ग्रॅम. साच्याच्या कडेने थोडा माल बाहेर यायला हवा, म्हणून पीएलए ११५ ग्रॅम घ्या.

कच्चा तंतू मात्र ७० ग्रॅम लागतो. धुण्यात मेण, डिंक आणि काही लिग्निन निघून जातं, विंचरताना तुकडे गळतात, आणि बाजारातून आणलेल्या "कोरड्या" तंतूतही दहा टक्क्यांच्या आसपास ओल असते.

बाकी सामान: कॉस्टिक सोडा, व्हिनेगर, पीएच पट्ट्या, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, ओव्हन, टेफ्लॉन शीट, थर्मोकपल, हवाबंद झिपच्या पिशव्या आणि सिलिका जेल. थर्मोकपलवर पैसे वाचवू नका. प्रेसच्या डायलवर हीटर प्लेटचं तापमान दिसतं. साच्याच्या मध्यावर किती आहे ते थर्मोकपलशिवाय कळत नाही. दोन्हींत २० अंशांचा फरक पडणं नेहमीचं आहे.

२. तंतू विंचरणं आणि कापणं

तंतूवर पानाचा वाळलेला हिरवट गर चिकटलेला असतो. तो आधी कोमट पाण्यात भिजवून, चोळून काढा. मग रुंद दातांच्या लोखंडी फणीने टोकाकडून सुरुवात करून विंचरा. मध्यापासून ओढलं की गुंता घट्ट होतो आणि धागे तुटतात. काळे डाग पडलेले, बोटांत चुरडले की भुगा होणारे धागे बाजूला काढा. ते पाण्यात जास्त दिवस कुजलेले असतात आणि कुठल्याही प्रक्रियेने सुधारत नाहीत.

२०० मिमी लांबीच्या जुड्या कापा. जुडी दोन ठिकाणी सैल बांधा. घट्ट बांधली तर आतपर्यंत द्रावण पोचत नाही.

३. कॉस्टिकची प्रक्रिया

तंतूच्या पृष्ठभागावर मेण आणि डिंक असतो, त्यामुळे वितळलेलं पीएलए त्याला धरत नाही. कॉस्टिकमुळे तो थर निघतो, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि जाड धागा थोडा उकलतो. ही पायरी गाळली, तर प्लेट मोडताना धागे डब्यातल्या उदबत्त्यांसारखे सुळसुळीत बाहेर येतात.

प्रमाण ५ टक्के, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम कॉस्टिक. तंतूच्या वजनाच्या वीसपट द्रावण हवं. ७० ग्रॅम तंतूला १.४ लिटर द्रावण आणि त्यात ७० ग्रॅम कॉस्टिक.

*सावध:* भांडं प्लास्टिकच्या बादलीचं किंवा स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमचं पातेलं कधीही नको. कॉस्टिक त्याला खातं आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. पाण्यात कॉस्टिक थोडं थोडं टाका, कॉस्टिकवर पाणी ओतू नका. द्रावण तापतं, उडतं. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल लावा. अंगावर उडालं तर भरपूर वाहत्या पाण्याने धुवा, व्हिनेगर चोळत बसू नका.

द्रावण थंड झाल्यावर जुड्या बुडवा. साध्या तापमानाला तीन तास पुरतात. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात अडीच तासांनी काढल्या तरी चालतं. अर्ध्या तासाने जुड्या उलटसुलट करा.

"जरा जास्त वेळ राहू दे, जास्त स्वच्छ होईल" ही इथली सर्वांत महाग चूक. रात्रभर ठेवलेला किंवा दहा टक्क्यांच्या पुढच्या द्रावणात घातलेला तंतू दिसायला छान पांढरट होतो, पण त्याची ताकद गेलेली असते. म्हणून प्रक्रियेआधी दहा धागे बाजूला ठेवा. नंतर दोन्हींतले धागे बोटांना गुंडाळून ओढून पाहा. प्रक्रिया केलेला धागा आधीच्यापेक्षा सहज तुटत असेल, तर वेळ कमी करा आणि नवी जुडी घ्या.

नंतर वाहत्या पाण्यात धुवा, १ टक्का ॲसेटिक ॲसिडच्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा आणि पुन्हा धुवा. ५ टक्क्यांच्या व्हिनेगरमध्ये चौपट पाणी घातलं की १ टक्का होतं. शेवटच्या पाण्याचा पीएच ७ यायला हवा. तंतूत कॉस्टिक राहिलं तर प्रेसच्या उष्णतेत ते पीएलएच्या साखळ्या तोडतं. प्लेट पिवळी आणि ठिसूळ होते आणि दोष मात्र पीएलएच्या दाण्यांना दिला जातो.

वापरलेलं द्रावण गटारात किंवा ओढ्यात ओतू नका. इथले ओढे शेवटी पंचगंगेलाच मिळतात. लिटरभर द्रावणात ८० ते ९० ग्रॅम लिंबूसत्त्व हळूहळू मिसळलं की ते उदासीन होतं. पट्टीवर ७ ते ८ दिसल्यावरच टाका.

४. थर लावायचे ओले असतानाच

क्रम इथे चुकतो. बरेच जण तंतू आधी कडकडीत वाळवतात आणि मग तासभर बसून हाताने थर लावतात. तेवढ्यात तंतू हवेतली ओल परत ओढून घेतो. त्यात कोरडा धागा उसळतो, एका रेषेत बसत नाही.

बरोबर क्रम असा. धुतलेला तंतू सावलीत, पंख्याखाली हवाकोरडा होऊ द्या. मग १३ ग्रॅमचे चार भाग करा. त्यातली ओल गेल्यावर प्रत्येकी पावणेबारा ग्रॅम उरतील आणि चारांचे मिळून ४७ होतील. प्रत्येक भागावर पाण्याचा हलका फवारा मारा, २०० मिमीच्या चौकटीत धागे एका दिशेला समांतर पसरा, वर सपाट फळी आणि चार-पाच किलो वजन ठेवून दोन तास दाबा. पातळ, पसरट थर तयार होतो आणि तो उचलता येतो.

उजेडासमोर धरून पाहा. मध्ये जाड आणि कडेला विरळ असेल तर आत्ताच सारखा करा. प्रेस ते दुरुस्त करत नाही.

५. पीएलएच्या पातळ शीट

दाणे आणि तंतू सरळ साच्यात घालून दाबले, तर दाणे वितळेपर्यंत तंतू चेपतो आणि पीएलए आतपर्यंत शिरत नाही. म्हणून आधी शीट करा.

दाणे ८० अंशांवर किमान चार तास वाळवा. ८० अंशांवर दाणे एकमेकांना चिकटून ढेकळं झाली, तर तुमच्याकडे अस्फटिक प्रकारचे दाणे आहेत. ते ४५ ते ५० अंशांवर रात्रभर वाळवावे लागतात.

दोन टेफ्लॉन शीटमध्ये २३ ग्रॅम दाणे सारखे पसरा. १८० अंशांवर तीन मिनिटं नुसतं टेकवा, मग हळूहळू दाबून दोन मिनिटं ठेवा. साधारण अर्धा मिमी जाडीची शीट मिळते. कोपरे थोडे अपुरे राहिले तरी चालतं. अशा पाच शीट करा.

६. वाळवणं: इथे घाई नको

वितळलेल्या पीएलएचं ओलीशी वैर आहे. थोडंसं पाणीही त्याच्या लांब साखळ्या तोडतं. शिवाय तंतूतली ओल १८० अंशांवर वाफ होऊन बुडबुडे करते. बुडबुडे दिसतात, तुटलेल्या साखळ्या दिसत नाहीत. म्हणून "बुडबुडे नाहीत म्हणजे वाळलं होतं" हा निष्कर्ष काढू नका.

तंतूचे थर जाळीवर सुटे ठेवून १०० ते १०५ अंशांवर चार तास वाळवा. एकावर एक रचू नका. पीएलएच्या शीट मात्र या ओव्हनमध्ये घालू नका. त्या आक्रसतील आणि चिकटतील. त्यांना ४५ ते ५० अंशांवर आठ तास लागतात. ओव्हन एकच असेल तर शीट आदल्या रात्री वाळवून, गरम असतानाच सिलिका जेलसह पिशवीत बंद करा.

घरगुती ओटीजीच्या आकड्यावर विसंबू नका. काटा १०० वर असताना आत ८५ ते १२० असं खालीवर होतं. थर्मोकपल आत सोडून पाहा.

*तपासणी:* तंतूचं वजन करा, आणखी एक तास वाळवा, पुन्हा वजन करा. दोन वजनांत अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी फरक असेल तरच झालं. ४७ ग्रॅमवर हा फरक पाव ग्रॅमपेक्षाही कमी असतो, म्हणून काटा बारीक हवा.

जुलै-ऑगस्टमध्ये, पंचगंगा पात्राबाहेर येते त्या दिवसांत, ओव्हनमधून काढलेला तंतू टेबलावर ठेवून चहाला गेलात तर मागचे चार तास फुकट. प्रेस आधी तापवून ठेवा, साचा उघडा ठेवा आणि ओव्हन ते साचा हा प्रवास पाच मिनिटांत उरका. पावसाळ्यात जमत नसेल तर हे काम दिवाळीनंतर करा, त्यात कमीपणा नाही.

७. साचा आणि थरांची रचना

दोन सपाट लोखंडी प्लेट आणि मध्ये ३ मिमी जाडीची चौकट, आतलं माप २०० × २००. दोन्ही बाजूंना टेफ्लॉन शीट. सिलिकॉन स्प्रे शक्यतो टाळा. तो तंतूवर उडाला की तिथे पीएलए धरत नाही आणि नंतर प्लेटवर रंगही बसत नाही.

रचना: शीट, तंतू, शीट, तंतू, शीट, तंतू, शीट, तंतू, शीट. पाच शीट, चार थर.

तंतूंची दिशा खालून वर अशी ठेवा: उभा, आडवा, आडवा, उभा. ही रचना मध्यापासून दोन्हीकडे सारखी आहे. उभा-आडवा-उभा-आडवा अशी लावली तर खालचा आणि वरचा थर वेगवेगळ्या दिशेने आकुंचतो आणि थंड होताना प्लेट घोड्याच्या खोगिरासारखी पिळवटते. नंतर वजन ठेवून ती सरळ होत नाही.

८. प्रेस

लागणारा दाब सुमारे २० किलो प्रति चौरस सेंमी. साच्याचं क्षेत्रफळ ४०० चौरस सेंमी, म्हणजे ८,००० किलो, आठ टन.

आता जॅकच्या गेजकडे पाहा. गेजवर तेलाचा दाब दिसतो, साच्यावरचा नाही. रॅमचा, म्हणजे जॅकमधल्या तेलाने ढकलल्या जाणाऱ्या दांड्याचा, व्यास ६० मिमी असेल तर त्याचं क्षेत्रफळ २८.३ चौरस सेंमी. आठ टनांसाठी गेजवर सुमारे २८३ किलो प्रति चौरस सेंमी यायला हवेत. गेजवर २० आले की थांबणारे साच्यावर दीड किलोसुद्धा दाब देत नसतात, आणि मग "पीएलए शिरतच नाही" म्हणून तापमान वाढवतात. तुमच्या रॅमचा व्यास मोजा आणि आकडा गेजशेजारी लिहून चिकटवा.

क्रम:

१. थर्मोकपलवर साचा १८० अंशांना येऊ द्या.
२. थर आत ठेवा, वरची प्लेट नुसती टेकवा आणि पाच मिनिटं थांबा. लगेच दाबलं तर अर्धवट वितळलेलं पीएलए तंतूंना कडेला ढकलत नेतं.
३. हलका दाब देऊन लगेच सोडा. असं तीन वेळा. अडकलेली हवा आणि उरलीसुरली वाफ निघून जाते.
४. अर्ध्या मिनिटात हळूहळू पूर्ण दाब आणा आणि चार मिनिटं ठेवा.
५. हीटर बंद करा, दाब तसाच ठेवा. पंखा किंवा पाण्याची लाइन सोडा. माल आकसतो तसा गेजचा काटा उतरतो. पंप मारून तो परत वर आणा.
६. साचा ५० अंशांखाली गेल्यावरच उघडा. पीएलए ५५ ते ६० अंशांच्या वर मऊच असतं. सत्तरला उघडलेली प्लेट चेपलेल्या तंतूंच्या ताणाने फुगते, आतून थर सुटतात.

*सावध:* १९० च्या वर जाऊ नका. घायपात करपायला लागतो. वासावरून कळतं: गुऱ्हाळात काहिलीचा तळ लागल्यावर येतो तसा करपट गोडसर वास. तो आला की प्लेट तपकिरी निघणार आणि तंतू कमजोर झालेला असणार. पीएलए नीट शिरत नाही असं वाटलं तर तापमान वाढवण्याऐवजी पाच मिनिटांची थांबायची वेळ सात करा.

कडेने सगळीकडून पातळ पापुद्रा बाहेर आला असेल तर साचा भरला होता. कुठूनच आला नसेल, तर सगळा दाब लोखंडी चौकटीने घेतला आणि मालापर्यंत पोचलाच नाही.

९. प्लेट तपासणं

चारही कडा ५ मिमी कापून १९० × १९० करा. जाडी चार ठिकाणी मोजून सरासरी काढा. समजा ३.०५ मिमी आली. घनफळ ११०.१ घन सेंमी, अपेक्षित वजन १४२.७ ग्रॅम. काट्यावर १३५ ग्रॅम दिसले तर घनता १.२२६, म्हणजे आत पाच टक्क्यांहून जास्त पोकळी आहे. दोन-तीन टक्क्यांपर्यंत ठीक. पाचच्या वर गेलं तर वाळवणं आणि हवा काढणं या दोन पायऱ्यांकडे परत जा.

मग एक पट्टी कापून मोडा आणि मोडलेली कड भिंगाखाली पाहा. लांब, गुळगुळीत धागे बाहेर आलेले असतील तर पकड कमी, कॉस्टिकची पायरी कच्ची राहिली. धागे पृष्ठभागाजवळच तुटले असतील आणि त्यांना पीएलएचे कण चिकटलेले असतील तर पकड चांगली. धागे चिकटलेले आहेत, तरी पट्टी काचेसारखी टचकन मोडली, तर पीएलए ओलीने खराब झालं आहे. कमी पकड आणि खराब पीएलए हे दोन दोष बाहेरून सारखेच दिसतात आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून भिंग हवंच.

कापलेल्या कडांवर तंतूंची तोंडं उघडी राहतात. तिथून पाणी केशिकेसारखं आत चढतं आणि महिनाभरात कड फुगते. टेफ्लॉन शीटचा तुकडा मध्ये ठेवून, कडेवर पीएलएची पातळ पट्टी गरम इस्त्रीने बसवा.

१०. वापर आणि विल्हेवाट

ही प्लेट कुठे वापरू नये ते आधी ठरवा. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ती मऊ पडेल. गरम चहाच्या ट्रेलाही नको. आतल्या पॅनेलसाठी, खोक्यांच्या विभाजकांसाठी, प्रदर्शनातल्या पाट्यांसाठी ठीक.

परसातल्या खतखड्ड्यात ती गायब होईल असं कुणालाही सांगू नका. पीएलएचं विघटन नीट व्हायला ५८ अंशांच्या आसपासची उष्णता आणि ओल सतत लागते, ती औद्योगिक कंपोस्टिंगमध्ये मिळते. घरच्या खड्ड्यात तंतू कुजतो आणि पीएलए बराच काळ तसंच राहतं. रोपवाटिकेसाठी, रोपासकट मातीत जाणारी कुंडी करायची असेल तर पीएलए सोडून स्टार्चकडे वळा. तिथे मात्र चोथा खरोखर कामाचा आहे: गरम पाण्यात धुऊन साखर काढायची, चाळून गर वेगळा करायचा, मग वाळवायचा. अशी कुंडी पाण्याने मऊ पडते, पण तिचं कामच ते.

विक्रीच्या मालावर "कंपोस्टेबल" छापायचं असेल तर आयएस १७०८८ प्रमाणे चाचणी आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. पीएलएच्या दाण्यांच्या पोत्यावर तसं छापलेलं असलं तरी तुमच्या प्लेटला ते लागू होत नाही. तंतू, जाडी, वरचा रंग, कडेची पट्टी, यातलं काहीही बदललं की वस्तू वेगळी झाली.